लेकीला परदेशी शिकायला पाठविताना : वावर लिहून देण्याआधीचे कागद

दारव्हा तालुक्यातील एका कास्तकार भावांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे साडेसहा एकर वावर असून त्यात पराटी (कापूस) आणि सोयाबीन घेतले जाते. मुलगी अमरावतीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला जाण्याचा तिचा विचार पक्का झाला आहे. पासपोर्ट अजून काढलेला नाही. एका सल्लागाराने सगळे कागद ‘अपोस्टिल’ करून देण्याचे साठ हजार रुपये मागितले आहेत. गावातील एक परिचित गृहस्थ दोन एकर ‘नावापुरते’ लिहून घेऊन बारा लाख रुपये द्यायला तयार आहेत. आणि तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, झालेल्या भांडणाच्या गुन्ह्यात घरातील इतरांसोबत मुलीचेही नाव आहे. सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

भाऊ, मी तालुका न्यायालयात बावीस वर्षे वकिली करीत आहे आणि अलीकडे खेड्यांतून परदेशी जाणाऱ्या बऱ्याच मुलामुलींचे कागद माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, आपल्याकडे मुलांचे जाणे गुणांपायी किंवा पैशापायी जेवढे अडत नाही, तेवढे एका कागदावरची गोष्ट दुसऱ्या कागदाशी न जुळल्यामुळे अडते. म्हणून पैशाची सोय हा तुमचा पहिला प्रश्न असला, तरी मी त्याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवणार आहे. आधी नाव, मग गुन्हा, त्यानंतर पैसा.

आज रात्रीच मुलीची सगळी कागदपत्रे खाटेवर मांडून बसा : जन्माचा दाखला, झेडपी शाळेची टीसी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक. प्रत्येकावरील तिचे नाव, तुमचे नाव, तिच्या आईचे नाव आणि जन्मतारीख इंग्रजी अक्षरांसह एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्या. मराठीत सारखे दिसणारे नाव इंग्रजीत वेगळे निघते, हे तेव्हाच लक्षात येते. ‘ज्ञानेश्वर’ कुठे ‘डी’ने सुरू होतो तर कुठे ‘जी’ने, ‘राऊत’ तीन प्रकारे लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे, तोही एकाच घरात. शिवाय आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, तर पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि मुलीच्या व वडिलांच्या नावाचा वेगळा असतो. अर्ज भरणाऱ्या मुलाने घाईत आडनावाचा रकाना रिकामा सोडला किंवा वडिलांचे नाव गाळले, तर पुढे विद्यापीठाचे पत्र एका नावाने आणि व्हिसा दुसऱ्या नावाने, असा घोळ उभा राहतो.

माझा आग्रह असा असतो की दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानावी आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत, कारण आधार, पॅन व बँकेतील दुरुस्ती तुलनेने सोपी असते, बोर्डातील दुरुस्तीसाठी मात्र शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरपासून चढत जावे लागते. जन्माच्या दाखल्यात स्पेलिंगची चूक असेल तर ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यू निबंधक म्हणून काम पाहणाऱ्या ग्रामसेवकाकडे पुरावे देऊन ती सुधारता येते. पण जन्माची नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही आणि त्यात महिने जातात. नावात खरोखर बदल करावयाचा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तो प्रसिद्ध करावा लागतो. नोटरीचे प्रतिज्ञापत्र हा सगळ्यावरचा उपाय असल्याचे सेतू केंद्राबाहेर सांगितले जाते, ते खरे नाही. ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र आपल्या कार्यालयात कदाचित चालून जाईल, परंतु परक्या देशाच्या अधिकाऱ्याने ते मानलेच पाहिजे असे काही नाही.

आता पासपोर्ट. आपला विभाग नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतो. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये असून तत्काळसाठी त्यावर आणखी २,००० रुपये लागतात. सरकारी संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरल्यास याहून अधिक कोणाला देण्याची गरज नाही. मुलगी सध्या अमरावतीला वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहत असेल, तर तो पत्ता लपवू नका. पोलीस पडताळणीच्या वेळी शिपाई गावच्या घरी आला आणि शेजाऱ्याने ‘ती तर चार वर्षांपासून अमरावतीला राहते’ असे सहज सांगितले, की अहवाल प्रतिकूल जातो. ज्या शेजाऱ्याशी धुऱ्याचे भांडण आहे तोच हे सांगणार, हे वेगळे सांगायला नको.

त्या धुऱ्याच्या गुन्ह्याकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नातील सर्वांत नाजूक भाग तोच आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेख शेवटी, अर्ध्या ओळीत केला आहे. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६ प्रमाणे ज्या व्यक्तीविरुद्ध भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित आहे, तिला पासपोर्ट नाकारता येतो. येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. पोलिसांनी नुसता गुन्हा नोंदवला आहे की दोषारोपपत्र दाखल होऊन न्यायालयाने त्याची दखल घेतली आहे, हे प्रथम तपासा. केवळ एफआयआर नोंदवला जाणे म्हणजे न्यायालयात खटला प्रलंबित असणे नव्हे, असे उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. तपासात मुलीचे नाव वगळले गेले असण्याचीही शक्यता असते. पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयातून त्याच्या प्रमाणित नकला घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

खटला उभा असेल तरी वाट बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे ज्या न्यायालयात खटला चालू आहे, त्या न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. मात्र तिच्यात एक बारकावा आहे, जो अनेक वकील बंधूंच्याही नजरेतून सुटतो : न्यायालयाच्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट फक्त एक वर्षाचा दिला जातो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निघालेल्या मुलीच्या हाती एक वर्षाचा पासपोर्ट पडणे म्हणजे मध्यावर पुन्हा सगळे करणे. माझ्याकडे शेजारच्या तालुक्यातील एक मुलगा असाच आला होता. आधीच्या अर्जात मुदतीची मागणीच नव्हती, त्यामुळे पुन्हा अर्ज, पुन्हा सरकारी वकिलांचे म्हणणे, पुन्हा तारीख, असे करत त्याचे एक सत्र गेले. म्हणून अर्जात अभ्यासक्रमाचा कालावधी लिहून तेवढ्या आणि शक्य तर त्याहून अधिक मुदतीच्या पासपोर्टची स्पष्ट मागणी करावी. भांडण आपसांत मिटण्यासारखे असेल, तर लोकअदालतीत किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गुन्हा रद्द करून घेण्याचा मार्गही तुमच्या वकिलांशी बोलून पाहा. हातभर धुऱ्यासाठी मुलीचे वर्ष घालविण्यात शहाणपण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सल्लागाराच्या सांगण्यावरून करू नका : अर्जात ‘खटला नाही’ असे लिहू नका. पासपोर्ट मिळविण्यासाठी खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा त्याच कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे, म्हणजे धुऱ्याच्या किरकोळ प्रकरणावर आपणच दुसरे प्रकरण चढविण्यासारखे आहे. व्हिसाच्या अर्जातही असे प्रश्न येतात. खोटेपणा उघड झाल्यास कॅनडा पाच वर्षे आणि ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करतो.

आता सल्लागार आणि त्यांचे साठ हजार. अपोस्टिल म्हणजे आपल्या कागदावर परराष्ट्र मंत्रालयाने दिलेला असा शिक्का, जो १९६१ च्या हेग करारातील देश एकमेकांसाठी मान्य करतात. भारत त्या करारात २००५ मध्ये आला, परंतु जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवलेली आहे, त्यामुळे दोन्ही देश करारात असूनही आपले अपोस्टिल तेथे त्या अर्थाने उपयोगी पडत नाही. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कागदांची तपासणी दिल्लीतील एपीएस हे कार्यालय करते आणि नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी त्याचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे आणि अर्ज मुलीने स्वतः करावयाचा असतो. म्हणजे जे लागत नाही त्याचे साठ हजार मागितले गेले आहेत आणि जे लागते त्याचा उल्लेखही झालेला दिसत नाही. एपीएसचे प्रमाणपत्र यायला वेळ लागतो आणि विद्यापीठांच्या अर्जालाही ते जोडावे लागते, म्हणून पासपोर्टच्या पाठोपाठ हेच काम हाती घ्या. दुसऱ्या देशाला जायचे असते आणि तेथील संस्थेने अपोस्टिल मागितले असते, तर गोष्ट वेगळी होती. परराष्ट्र मंत्रालयाचे त्याचे शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे, बाकीचा सगळा खर्च धावपळीचा आणि मध्यस्थाचा.

सल्लागार ‘सरकारमान्य’ असल्याचे फलक पाहून भुलू नका. १९८३ चा उत्प्रवासन कायदा परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्यांना परवान्याची अट घालतो. विद्यार्थ्यांना प्रवेश मिळवून देणाऱ्यांना त्या कायद्याचा परवाना लागत नाही. त्यामुळे पैसे दिलेच तर बँकेतून द्या, पावती घ्या आणि काय काम करणार ते लिहून घ्या. फसवणूक झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार होते आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो. पण दोन्हीकडे पहिला प्रश्न पावतीचाच विचारला जातो.

पैशाकडे येतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, फक्त सत्राचे किरकोळ शुल्क असते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतले जातात, म्हणून विद्यापीठ निवडताना राज्यही पाहा. मोठी रक्कम लागते ती राहण्याखाण्याची. व्हिसासाठी मुलीच्या नावाने एका गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात आणि तेथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो तिला मिळतात. तुम्हाला सांगितलेला बारा लाखांचा आकडा याच खात्याचा असावा. हे पैसे खर्च झालेले नसून तिच्याच जेवणाखाण्याचे असतात, हे घरच्या मंडळींना समजावून सांगा.

या बारा लाखांसाठी ‘नावापुरते’ खरेदीखत करून देऊ नका. नोंदणीकृत खरेदीखत नावापुरते नसते. ते खरेदीखतच असते आणि फेरफार झाला की सातबारावर तुमच्या जागी दुसऱ्याचे नाव येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली अवैध सावकारीत गेलेली जमीन जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून परत मिळविण्याची सोय आहे, पण तो व्यवहार सावकारीचा होता हे सिद्ध करताना लोकांची वर्षे गेलेली मी याच न्यायालयाच्या आवारात पाहिली आहेत. विकायचीच वेळ आली तर उघडपणे, बाजारभावाने आणि बँकेमार्फत विका. मात्र त्याआधी कर्जाचा मार्ग पूर्ण तपासून पाहा.

बँक शेतजमीन तारण घेत नाही, म्हणून लोक नाराज होतात. त्यामागे कारण आहे. थकलेल्या कर्जासाठी न्यायालयाबाहेर तारण जप्त करण्याचा जो सरफेसी कायदा बँकांना मिळाला आहे, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी बँकेला अकृषिक भूखंड, घर किंवा मुदत ठेव हवी असते. गावठाणातील घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुरेसा मानला जात नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन तुमच्या गावाला मालमत्ता पत्रक मिळाले असेल, तर ते घेऊन शाखेत जा. साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज मालमत्ता तारण न ठेवता मिळू शकते आणि हप्ते शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात.

त्यात खरी अडचण तुमच्या जुन्या पीककर्जाची निघेल. सहकर्जदार म्हणून वडिलांचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, पाहिला जातो आणि आपल्याकडे २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत खाते मिटले असले, तरी बँकेच्या नोंदीत ते अजून थकीत किंवा ‘तडजोडीने मिटवलेले’ असे दिसत राहते. सोसायटीकडून आणि बँकेकडून बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला घ्या, सातबारावरील इतर हक्काच्या रकान्यातील जुना बोजा तलाठ्याकडे अर्ज देऊन कमी करून घ्या आणि सिबिलमधील चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा लेखी अर्ज द्या. हे सर्व कर्जाचा अर्ज करण्याआधी दोन-तीन महिने व्हायला हवे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने तुमच्याकडे विवरणपत्र नसेल, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कापूस विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेतील जमा यांचा मेळ बसेल असे कागद ठेवा.

कर्जाच्या रकमेतून पैसे परदेशी गेले तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही. स्वतःच्या पैशातून पाठविल्यास एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, त्यावरच्या रकमेवर लागतो. कापला गेलाच तर ज्याच्या पॅनवर कापला त्याने विवरणपत्र भरून तो परत मागावा. शिष्यवृत्तीचाही विचार करा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर मागासवर्ग आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या त्या विभागाच्या योजना आहेत, तर केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठीही थोड्या जागा असतात. तुमचा प्रवर्ग तुम्ही कळविलेला नाही. लागू होत असेल तर जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे ना, एवढे आजच पाहा.

मुलगी निघण्यापूर्वी तिच्याकडून तुमच्या किंवा तिच्या आईच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या. त्यात कामे मोघम लिहू नयेत : बँकेतील कर्जाच्या कागदांवर सह्या करणे, विद्यापीठातून पदवी प्रमाणपत्र व गुणपत्रिका उचलणे, शासकीय कार्यालयांत अर्ज करणे, असे स्पष्ट असावे. नंतर परदेशातून ते करावयाचे झाल्यास तिला तेथील भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करावी लागते आणि कागद महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांत त्याचे मुद्रांक शुल्क भरावे लागते. या निमित्ताने काही घरांत मुलीकडून हक्कसोडपत्रही करून घेतले जाते, ‘पुढे सहीसाठी अडायला नको’ म्हणून. भाऊ, तसे करू नका. वडिलोपार्जित जमिनीत तिचा हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने भावाइतकाच आहे, आणि जी सोय मुखत्यारपत्राने होते तिच्यासाठी तिचा हक्क काढून घेण्याचे कारण नाही. परदेशी शिकायला गेल्यावर ती परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी मानली जाते; तिच्या बँकेला कळवून खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे येथील खाते, करून घ्यावे लागते. अनिवासी झाल्यावर तिला शेती विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली तिची राहते.

व्हिसाच्या भेटीची वेळ ऐन उन्हाळ्यानंतर मिळणे कठीण होते, म्हणून प्रवेशपत्र येताच नोंदणी करा. महाराष्ट्राचे काम मुंबईतील जर्मन महावाणिज्य दूतावासाकडे आहे. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून दारव्ह्याहून मुंबईच्या गाडीसाठी मूर्तिजापूर गाठायला रस्त्याशिवाय सोय उरलेली नाही, आणि पावसाळ्यात गाड्यांचा भरवसा नसतो. भेटीच्या आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम असेल असेच आरक्षण करा. जुलै २०२५ पासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यानंतर त्याच कार्यालयाकडे फेरविचार मागण्याची पद्धत बंद केली आहे. आता नवा अर्ज करावा लागतो किंवा तेथील न्यायालयात जावे लागते. त्यामुळे पहिलाच अर्ज नीट असला पाहिजे.

प्रवासाच्या सामानाविषयी थोडे. मूळ कागद, प्रवेशपत्र, विम्याचा कागद आणि औषधे हातातील पिशवीत असावीत. औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी व तिच्यात औषधाचे घटक लिहिलेले असावेत. आई प्रेमाने तूप आणि पेढे बांधून देईल, पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कुरड्या, सांडगे, तिखट, तुरीची डाळ यांना सहसा अडचण येत नाही. विमान दुबई किंवा दोहामार्गे असेल तर मसाल्याच्या डब्यात खसखस अजिबात नको. आपल्या रश्शातील ही साधी वस्तू आखाती देशांत अमली पदार्थात मोडते आणि तिच्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. घरी दळलेल्या मसाल्यातही ती असते, हे आईला आधीच सांगून ठेवा. परकीय चलनाच्या नोटा ३,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात.

तेथे खोली मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. ते पत्र देणार की नाही, हे खोली ठरवितानाच विचारावे. त्या नोंदीशिवाय बँक खाते आणि पुढचा निवास परवाना अडतो. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, पण पहिल्या सत्राचे गणित त्या कमाईवर मांडू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर विद्यार्थी म्हणून तिची नोंद करून ठेवा.

शेवटचे काम तिच्या मोबाईलचे. आधार, बँक आणि पासपोर्ट यांना जोडलेला तिचा भारतातील क्रमांक बंद पडू देऊ नका. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून ते सिमकार्ड ती सोबत नेईल आणि त्याचे रिचार्ज तुम्ही येथून वेळेवर कराल, असे ठरवून घ्या. सगळ्या कागदांच्या नकलांचा एक संच घरी, एक माझ्यासारख्या कोणाकडे आणि एक तिच्या ईमेलवर असू द्या. गुन्ह्याच्या प्रमाणित नकला मिळाल्या की त्या घेऊन बाजाराच्या दिवशी दुपारनंतर या. मुदतीच्या मागणीसह अर्जाचा मसुदा तेव्हा करून ठेवू.